यंत्राच्या आधी बाटली : कोकणातल्या विज्ञान महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य, रसायनशास्त्र, भूशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख आणि खरेदी समितीचे सदस्य यांस,

विषय : बर्फाळ प्रदेशातल्या पाण्यातील कार्बन, सूक्ष्म मूलद्रव्ये व सूक्ष्मजीव यांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारताना खर्चाचा क्रम बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

अनुदान मंजूर झाले की खरेदीच्या यादीत पहिल्या ओळीवर मोठे यंत्र येते. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी आयसीपी-एमएस (अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र), कार्बनसाठी टीओसी म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनचा विश्लेषक. पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडायचा असतो, कोटेशने आलेली असतात, आणि बाटल्या, टब, गाळण्या, आम्ल यांसाठी यादीच्या तळाशी ‘किरकोळ साहित्य’ एवढाच रकाना उरतो. आमची विनंती अशी आहे की यंत्राची खरेदी एक वर्ष पुढे ढकला. त्या वर्षात तीन स्वच्छ कोपरे उभे करा, बाटल्या धुण्याची शिस्त बसवा आणि ब्लँकची, म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेल्या मोजणीची, वही भरा. ही वही नसेल तर यंत्रातून आकडे येतील, पण ते अंटार्क्टिकाच्या पाण्याचे नसतील, आपल्याच खोलीच्या धुळीचे असतील.

हा विषय या किनाऱ्याला परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी मार्मागोव्याहून निघाली. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र वास्कोला आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती, स्वालबार्डमधले २००८ सालचे हिमाद्री, स्पितीतले २०१६ सालचे हिमांश, या सगळ्या केंद्रांचा कारभार वास्कोहून चालतो. आपल्याकडचे विद्यार्थी प्रकल्पासाठी, पीएच.डी.साठी तिथे अर्ज करतात. महागडी उपकरणे त्यांना तिथे मिळतील. स्वच्छ हाताने नमुना घेण्याची सवय मात्र बी.एस्सी.च्या वर्गातच लागायला हवी.

प्रमाण किती सूक्ष्म आहे ते आधी पाहू. दक्षिण महासागराच्या पृष्ठभागावरच्या पाण्यात विरघळलेले लोह लिटरला ०.१ ते ०.२ नॅनोमोलच्या (नॅनोमोल म्हणजे मोलचा अब्जावा भाग) आसपास असते. तिथे नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक आहे, तरीही वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ) बेताचेच वाढते, कारण लोह कमी पडते. ही गोष्ट विज्ञानाला उशिरा कळली, आणि उशिराचे मोठे कारण मळलेले नमुने हेच होते. जहाजाचे पोलादी पत्रे, नमुना घेण्याची धातूची तार, रबरी झडपा या सगळ्यांतून लोह पाण्यात उतरायचे आणि समुद्रात लोह आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसायचे. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात स्वच्छ पद्धती रुळल्या, तेव्हा कुठे खरे आकडे हाती आले. जॉन मार्टिन यांनी १९९० मध्ये मांडलेला लोहाचा सिद्धांत त्या स्वच्छ बाटल्यांवर उभा आहे. पुढे २००९ मध्ये दोनापावलाच्या संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर लोहाफेक्स हा प्रयोग केला. दक्षिण अटलांटिकच्या थंड पाण्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडले गेले. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्याने जाड, सिलिकाच्या कवचाचे डायटम हे शेवाळ वाढले नाही. वाढले ते बारीक कशाभधारी जीव. ते प्राणी-प्लवकाने खाऊन टाकले आणि खोल समुद्रात कार्बन फारसा उतरला नाही. लोह, सिलिकेट, कार्बन आणि जीव यांचा हा गुंता सुटायचा तर चारही आकडे खरे लागतात.

आता आपल्या धुळीचा हिशोब. सड्यावरचा जांभा, चिरेखाणीचा लाल भुगा, एप्रिल-मे महिन्यांत खिडकीच्या गजांवर बसणारा थर. त्यात वजनाने २० टक्के लोह धरू. एक मायक्रोग्रॅम धूळ म्हणजे ०.२ मायक्रोग्रॅम लोह, म्हणजेच सुमारे ३.६ नॅनोमोल. ती १२५ मिलिलिटरच्या बाटलीत पडली तर लिटरला जवळपास २९ नॅनोमोलची भर पडते. धुळीतले सगळे लोह आम्लात उतरत नाही हे खरे. पण दहावा हिस्सा उतरला तरी दक्षिण महासागराचा आकडा दहा-वीस पटींनी फुगतो. आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती? ०.१ मिलिमीटरहून बारीक असा एकच कण. बाटलीचे झाकण दोन मिनिटे उघडे राहिले, पंखा चालू असला, की एवढे पुरते.

म्हणून पहिला कोपरा धातूंसाठी. या कोपऱ्यात धातूचे काहीही नको. पॉलिप्रोपिलीनच्या जाड पत्र्यांचे टेबल आणि त्यावर हेपा गाळणी बसवलेली पंखापेटी पुरेशी आहे. हेपा गाळणी ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवते; हवा सेकंदाला साधारण ०.४५ मीटर वेगाने खाली यावी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची चौकट चालत नाही, त्यातून जस्त सुटते. पावडर-कोटिंग केलेले लोखंड आपल्या खाऱ्या हवेत लवकरच कोपऱ्यांतून फुगते आणि तिथून गंजाची पावडर झडू लागते. पेटी घेताना विक्रेता ‘एमएस फ्रेम’ (साध्या पोलादाची चौकट) म्हणाला की तिथेच थांबा. हेपाच्या आधीची खडबडीत गाळणी उन्हाळ्यात लाल धुळीने आणि पावसाळ्यात मीठ-बुरशीने लवकर बुजते. ती स्वस्त असते, दर दोन-तीन महिन्यांनी बदला. ती बुजली की हवेचा वेग पडतो आणि बाहेरची हवा कडेने आत येते. पेटीवरचा दिवा तेवढा हिरवाच दिसत राहतो. वेग मोजायला हातात धरायचा वेगमापक घ्या.

बाटल्या एलडीपीई किंवा एचडीपीईच्या, पांढऱ्या झाकणाच्या, झाकणात कागदाचे किंवा रबराचे अस्तर नसलेल्या. रंगीत झाकणे आणि पिवळी पिपेट-टोके टाळा, रंगद्रव्यांतून कॅडमियम आणि जस्त येते. हातमोजे पावडर नसलेले, नायट्राइलचे किंवा व्हिनाइलचे. पावडरवाल्या लेटेक्सने जस्ताची सगळी मालिका वाया जाते. धुण्याचा क्रम असा : साबणी द्रावणात एक रात्र, नळाच्या आणि मग शुद्ध पाण्याने खळखळून धुणे, मग सुमारे १.२ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात किमान एक आठवडा, पूर्ण बुडवून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. बुडबुडा राहिला तर तेवढा भाग धुतलाच जात नाही. नंतर अतिशुद्ध पाण्याने पाच वेळा धुऊन बाटलीत अगदी विरळ शुद्ध आम्ल भरून ठेवायचे, आणि बाटली दोन झिप-पिशव्यांत, एकीत दुसरी. बाहेरची पिशवी ‘मळक्या हाताच्या’ माणसाने उघडायची, आतली पिशवी आणि बाटली ‘स्वच्छ हाताच्या’ माणसानेच धरायची. ही दोघांची पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये लेखी नियमात आणली. ती कोणत्याही पऱ्यावर, विहिरीवर तशीच चालते. उगमाकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेला गाळ मागे वाहून जातो.

शुद्ध आम्ल विकत घेतले तर फार महाग पडते. ते महाविद्यालयात करता येते आणि त्याला एकही यंत्र लागत नाही. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात एका भांड्यात साधे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्या स्वच्छ टेफ्लॉन भांड्यात तेवढेच अतिशुद्ध पाणी ठेवा. आम्लाचा वायू डब्यातून पाण्यात विरघळत जातो, लोह-तांबे मागेच राहते. काही दिवसांत दोन्ही भांड्यांची तीव्रता सारखी होत येते, म्हणजे सुमारे ६ मोलार. हे आम्ल लिटरला ४ मिलिलिटर घातले की नमुन्याचा सामू १.७ च्या आसपास येतो. १२५ मिलिलिटरच्या बाटलीला ०.५ मिलिलिटर. चुनखडीच्या प्रदेशातल्या पाण्याला थोडे जास्त लागते. सामू तपासायचा तर एक थेंब बाहेर ओतून कागदावर घ्या. इलेक्ट्रोड किंवा कागद बाटलीत बुडवला की ती बाटली बाद. डबा धूरकक्षात ठेवा. धुण्याचे वापरलेले आम्ल सोड्याने हळूहळू उदासीन केल्याशिवाय मोरीत सोडू नका, आपल्या मोऱ्या शेवटी खाडीलाच मिळतात.

दुसरा कोपरा कार्बनचा, आणि इथे नियम नेमके उलटे होतात. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनसाठी प्लॅस्टिक नको, त्यातून कार्बन झिरपतो. काचेच्या ४० मिलिलिटरच्या कुप्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ४५० अंश सेल्सियसला चार-पाच तास भट्टीत तापवायच्या. काचतंतूंच्या गाळण्याही तशाच तापवायच्या, पण ५०० अंशांच्या वर जायचे नाही. तंतू वितळू लागतात आणि छिद्रांचा आकार बदलतो. झाकणातल्या टेफ्लॉनच्या चकत्या भट्टीत जात नाहीत, त्या आम्लात धुवायच्या. ही भट्टी, ही फॉइल धातूंच्या कोपऱ्यात गेली की ॲल्युमिनियम आणि लोह तिथे पोहोचले. आणि धातूंच्या प्लॅस्टिक बाटलीतले पाणी कार्बनसाठी वापरले तर हिमनदीच्या पाण्यात नसलेला कार्बन दिसेल.

हिमनद्यांच्या पाण्यात सेंद्रिय कार्बन फारच थोडा असतो, बहुधा लिटरला एक मिलिग्रॅमच्याही खाली. पण जो असतो तो कामाचा असतो. अलास्काच्या आखाताला मिळणाऱ्या नद्यांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की हिमनदीचा वाटा जितका जास्त, तितका त्या पाण्यातला कार्बन रेडिओकार्बनच्या हिशोबाने जुना, आणि तरीही सूक्ष्मजीव तो जास्त सहज खातात. जुना कार्बन पचायला जड असतो या समजाला त्यामुळे धक्का बसला. असे निष्कर्ष ०.२ मिलिग्रॅम आणि ०.४ मिलिग्रॅम यांच्यातल्या फरकावर उभे असतात. त्या शेजारी हे ठेवून पाहा : ७० टक्के अल्कोहोलच्या एका मायक्रोलिटरमध्ये जवळपास ०.२९ मिलिग्रॅम कार्बन असतो. तो ४० मिलिलिटरच्या कुपीत गेला तर लिटरला ७ मिलिग्रॅमची भर. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, आणि हिमनदीचे पाणी दलदलीचे दिसू लागते. थेंब पडायलाच हवा असे नाही, अल्कोहोलची वाफही पाण्यात विरघळते. हात जंतुनाशकाने चोळून लगेच कुपी उघडणे, शेजारच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा असणे, दुपारी खोलीत डासांची कॉइल लावणे, देवाजवळची उदबत्ती, हे सगळे त्या दिवसाच्या ब्लँकमध्ये उमटते.

तिसरा कोपरा सूक्ष्मजीवांचा. तिथे अल्कोहोल, ज्योत, फॉर्माल्डिहाइड यांवाचून भागत नाही. पेशी मोजायच्या तर साधारण २ टक्के फॉर्माल्डिहाइडने त्या स्थिर करायच्या, डीएपीआय या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने रंगवायच्या, ०.२ मायक्रोमीटरच्या काळ्या पॉलिकार्बोनेट गाळणीवर घ्यायच्या. डीएनएसाठी गाळणी तातडीने गोठवायची. फॉर्माल्डिहाइड हा स्वतःच सेंद्रिय कार्बन आहे. तो कार्बनच्या खोलीत नको. असेंद्रिय कार्बनच्या नमुन्यात जीव मारायला मर्क्युरिक क्लोराइड घालतात, त्यामुळे त्याच खोलीत पुढे पारा मोजण्याची आशा सोडून द्यावी लागते. म्हणून तीन कोपरे म्हणजे एका खोलीतली तीन टेबले नव्हेत. शक्य असेल तर तीन खोल्या करा, नाहीतर निदान दोन खोल्या आणि मधे दार. नमुना घेतानाही क्रम तोच : आधी धातू, मग कार्बन, मग जीव, आणि स्थिर करण्याची रसायने सगळ्या बाटल्या बंद झाल्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

बर्फ वितळवण्यात तर एकाच तुकड्याला तीन न्याय लावावे लागतात. समुद्री बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या असतात आणि शेवाळ, जिवाणू त्यांतच राहतात. भोवतीचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट असते. हा बर्फ नुसताच वितळू दिला तर पाणी एकदम गोडे होते, पेशी फुगून फुटतात, मोजणीत संख्या कमी येते आणि फुटलेल्या पेशींतला कार्बन विरघळलेल्या कार्बनच्या खात्यात जातो. म्हणून जीवांच्या तुकड्यात, वितळून जेवढे पाणी होईल साधारण तेवढेच गाळलेले समुद्राचे पाणी आधी घालायचे आणि तो अंधारात, ४ अंशांच्या आसपास सावकाश वितळवायचा. धातूंच्या तुकड्यात मात्र हे पाणी घालता येत नाही, कारण त्याबरोबर त्याचे लोहही येते. तो आम्लाने धुतलेल्या डब्यात एकटाच वितळवायचा, आणि त्याआधी पोलादी ड्रिलचा स्पर्श झालेला बाहेरचा एक-दोन सेंटीमीटरचा थर सिरॅमिकच्या किंवा टायटॅनियमच्या पात्याने तासून टाकायचा. समुद्री बर्फातले लोह खालच्या पाण्यातल्या लोहापेक्षा कित्येक पट जास्त असते. बर्फातल्या जिवांनी सोडलेल्या चिकट शर्करांना ते धरून राहते. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा ते लोह एकदम पाण्यात येते आणि बर्फाच्या कडेला प्लवक फुलते. तासताना चुकले तर हा सगळा संबंधच पुसला जातो. याचा सराव आपल्याकडे करता येईल : मीठ घातलेले पाणी फ्रीजरमध्ये गोठवा, वितळताना पहिले, मधले, शेवटचे पाणी वेगवेगळे घ्या आणि क्षारता मोजा. पहिल्या थेंबांत मीठ किती जास्त येते हे विद्यार्थ्याने स्वतः पाहिले की पुढचे समजावून सांगावे लागत नाही.

गाळणीबद्दल एकच गोष्ट पक्की धरा : आधी गाळणे, मग आम्ल. हिमनदी खडक दळते आणि ते पीठ पाण्याबरोबर येते, म्हणून स्पितीतल्या ओढ्यांचे पाणी दुधी दिसते. न गाळता आम्ल घातले तर त्या पिठातले लोह आणि ॲल्युमिनियम विरघळते, आणि विरघळलेले म्हणून खडकच मोजला जातो. आपल्या जुलैच्या लाल पाण्याचे अगदी हेच होते. हिमनदीच्या पिठाचे सर्वांत बारीक कण ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही पलीकडे जातात, म्हणून ०.२ ची गाळणी वापरा आणि अहवालात आकार लिहा. गाळणी बुजू लागली की तिची छिद्रे आपोआप लहान होतात. शेवटच्या मिलिलिटरांत लोह कमी येते. धार मंदावली की दाब वाढवू नका, गाळणी बदला.

साठवणीत कोकणाची खरी अडचण विजेची आहे. पावसाळ्यात रात्री चार-सहा तास वीज गेली तर उणे २० चा फ्रीजर आतून ओला होतो आणि सकाळी पुन्हा गोठतो. सकाळी कुणाला काही कळत नाही. पण गोठणे-वितळणे झाले की ह्यूमिक पदार्थ (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारे सेंद्रिय पदार्थ) आणि लोह एकमेकांना धरून गाळ होतात आणि विरघळलेला कार्बन कमी येतो. दोन उपाय आहेत. कार्बनचे नमुने गोठवण्याऐवजी आम्ल घालून सामू २ ला आणा आणि ४ अंशांना अंधारात ठेवा. जे गोठवायलाच हवे त्याच्या फ्रीजरमध्ये एका पेल्यात पाणी गोठवून वर एक नाणे ठेवा; नाणे बर्फात खाली गेलेले दिसले की त्या फ्रीजरमधल्या नमुन्यांची नोंद ‘वितळले होते’ अशी करा. तापमान नोंदवणारा छोटा लॉगर घेतला तर उत्तमच. काचेची कुपी गोठवायची तर तीन-चतुर्थांशच भरा, नाहीतर ती तडकते.

अतिशुद्ध पाण्याचे यंत्र मात्र पहिल्याच वर्षी घ्या, पण त्याला थेट विहिरीचे पाणी देऊ नका. जांभ्यातल्या विहिरीतले लोह आरओच्या पडद्यावर नारिंगी थर धरते आणि पडदा वर्षाच्या आत निकामी होऊ शकतो. आधी लोह काढणारी गाळणी, मग आरओ, मग शेवटचा टप्पा, मीटरवर १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर दिसले पाहिजे. तो आकडा क्षारांचा आहे, कार्बनचा नाही. गणपतीची किंवा मे महिन्याची सुट्टी झाली की नळीत उभ्या राहिलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, मीटर १८.२ च दाखवतो आणि कार्बनचा ब्लँक चढलेला असतो. सुट्टीनंतर पहिले काही लिटर पाणी सोडून द्या आणि त्यानंतरच्या पाण्याचा ब्लँक काढा.

यंत्राबद्दल थोडक्यात. आयसीपी-एमएस मिनिटाला १५ ते २० लिटर आर्गॉन पिते. ७ घनमीटरचा सिलिंडर एक पूर्ण कामाचा दिवसही पुरत नाही. सिलिंडर घाटावरून यायचा, आणि घाट बंद असला की यंत्रही बंद. लोहाच्या ५६ वस्तुमानावर आर्गॉन आणि ऑक्सिजनची जोडी नेमकी तिथेच येऊन बसते, त्यासाठी टक्कर-कक्ष (वायूच्या टकरींनी अशा जोड्या बाजूला काढणारा भाग) लागतो. क्षार ०.२ टक्क्यांच्या वर गेले तर यंत्राचे शंकू बुजतात. समुद्राच्या पाण्यात ते ३.५ टक्के असतात. वीस पट पातळ केले तर दक्षिण महासागराचे लोह ब्लँकमध्ये बुडून जाते, म्हणून आधी रेझिनवर धातू पकडून मीठ वेगळे करावे लागते. ही सगळी साखळी एकट्या महाविद्यालयाने सांभाळणे अवघड आहे. ज्या संस्थांत ती आहे तिथे नीट घेतलेले नमुने पाठवणे हा पहिल्या काही वर्षांचा शहाणपणाचा मार्ग.

आणि तोवर शिकायला आपले स्वतःचे पाणी आहे. जांभ्याच्या कडेला झिरपणाऱ्या झऱ्यांवर नारिंगी बुळबुळीत गाळ आणि पृष्ठभागावर तेलासारखा चकाकणारा थर दिसतो. काडीने ढोसा : तेल पुन्हा जुळून येते, हा थर मात्र पापुद्र्यांसारखा फुटून वेगळा होतो. या गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटींत पाहिला की लेप्टोथ्रिक्स या जिवाणूच्या पोकळ नळ्या आणि गॅलियोनेला या जिवाणूचे पिळदार देठ दिसतात. प्राणवायू नसलेल्या थरातून द्विमूल्य लोह बाहेर येते, हवा लागते आणि ते गंजते. गॅलियोनेला त्या गंजण्यातूनच ऊर्जा मिळवते. सामू एक अंकाने चढला की हवेतले हे ऑक्सिडीकरण शंभरपट वेगाने होते, आणि पाणी थंड असेल तर ते मंदावते. हाच प्रसंग थंड प्रदेशात मोठ्या प्रमाणावर घडतो आहे. अलास्कातल्या ब्रुक्स पर्वतरांगेत गोठलेली जमीन वितळून सल्फाइड खनिजे उघडी पडली आणि ७५ ओढ्या-नद्यांचे पाणी नारिंगी झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी सामू २.३ पर्यंत उतरला होता.

झऱ्याच्या लोहासाठी फेरोझिन (द्विमूल्य लोहाबरोबर जांभळा रंग देणारे रसायन) आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, ५६२ नॅनोमीटरवर, पुरतो. एक सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये ०.१ मायक्रोमोलच्या खाली जाता येत नाही, पण नारिंगी झऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त लोह असते. द्विमूल्य लोहाचा रंग झऱ्याकाठीच, पहिल्या मिनिटांत आणा. बाटली प्रयोगशाळेत येईपर्यंत ते त्रिमूल्य झालेले असते. २५४ नॅनोमीटरवरच्या शोषणावरून सेंद्रिय पदार्थाचा अंदाज घेताना लोहाचे शोषण वजा करायला विसरू नका, नाहीतर लोहच सेंद्रिय म्हणून मोजले जाते.

दुसरा सराव पहिल्या पावसाचा. लेना, येनिसेई, मॅकेन्झीसारख्या उत्तरेकडच्या नद्या मे-जूनमध्ये बर्फ वितळताना वर्षभराच्या सेंद्रिय कार्बनचा मोठा हिस्सा काही आठवड्यांत आर्क्टिक महासागरात नेतात. महिन्यातून एकदा नमुना घेणाऱ्याला तो लोट सापडत नाही. आपल्या व्हाळांना मृगाच्या पावसात असाच पहिला लोट येतो. पाणी चढायला लागल्यापासून दर दोन तासांनी एक नमुना, गढूळपणा, वाहकता, कार्बन, लोह, आणि वेळेची नोंद, असे दोन दिवस केले तर वर्गाला लोट म्हणजे काय ते आकड्यांत दिसेल. अट एकच, बाटल्या मे महिन्यातच धुऊन, पिशव्यांत भरून तयार हव्यात.

खरेदी समितीकडे आमचे मागणे नेमके आहे. यंत्राच्या कुठल्याही प्रस्तावाला दोन ऋतूंच्या ब्लँकची वही जोडल्याशिवाय सही करू नका : एक एप्रिल-मेची, धुळीची, दुसरी जून ते ऑगस्टची, दमट हवेची. प्रत्येक फेरीत किमान सात ब्लँक, आणि त्यांच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट ही मोजण्याची खालची मर्यादा. झऱ्याच्या बाटलीचा, गाळणीचा आणि प्रवासाला जाऊन न उघडता परत आलेल्या बाटलीचा ब्लँक वेगवेगळा लिहिलेला असावा, म्हणजे मळ कुठे लागला ते कळते. हिमनदीच्या ओढ्यांसाठी लोहाचा ब्लँक लिटरला १० नॅनोमोलच्या आणि कार्बनचा ०.१ मिलिग्रॅमच्या खाली राहू लागला की पुढची पायरी चढा. दक्षिण महासागरासाठी लोहाचा ब्लँक त्याच्याही कितीतरी खाली, ०.१ नॅनोमोलच्या आत आणावा लागेल. त्याबरोबर कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे नदीच्या पाण्याचे प्रमाणित नमुने विकत घ्या आणि प्रत्येक मालिकेत एक तरी मोजा.

बाटल्या धुणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाला या कामाचे वेगळे प्रशिक्षण आणि वेळापत्रकात वेगळे तास द्या. धुण्याचा आठवडा परीक्षेच्या आठवड्यात ढकलला की तो निसटतोच. यंदाच्या मृगाआधी ज्या महाविद्यालयांना धातू आणि कार्बनचा कोपरा मांडायचा असेल त्यांनी खोलीचा नकाशा, खिडक्यांच्या दिशा आणि पाण्याचा स्रोत लिहून कळवावे. पेटी कुठे बसवावी, नळी कुठून न्यावी आणि पहिल्या ६० बाटल्यांना किती टब, किती आम्ल लागेल याचा हिशोब आम्ही करून देऊ.

कळावे,
थंड प्रदेशातील पाणी व सूक्ष्मजीवांच्या भूरसायनशास्त्रात काम करणारे,
या किनाऱ्यावरचे काही शिक्षक आणि संशोधक